सासुरवाडीवरून गेलेली शर्यत

गोरखनं ट्रायथलॉनमध्ये उतरायचं ठरवलं, तेव्हा ट्रायथलॉन म्हणजे काय हे सगळ्या भोरात त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि त्यालाही ते अर्धंच माहीत होतं. पण ठरवण्यात गडी पटाईत! दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तो बसवून घ्यायचा आणि सांगायचा, "आधी पवायचं, मग सायकल, मग पळायचं. तिन्ही आपल्याला जन्मापासून येतंय. हाय काय अन् न्हाय काय!"

आता येत होतं ही गोष्ट खोटी नव्हे. एसटी स्टँडामागं त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरीला नवी तार भरून द्यायची, असा धंदा. नीरेच्या डोहात कुणाची मोटर बुडाली, पायपाच्या तोंडचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला, की बुडी मारायला गोरखच लागायचा. सायकल शाळेपासूनची. आणि पळण्याचं म्हणाल, तर मोटर मागायला येणारं गिऱ्हाईक लांबून दिसलं की हा मागच्या दारानं असा सुटायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं.

कारण काम कधी पुरं झालेलंच नसायचं! अर्धी तार भरलेल्या मोटरी दुकानात ओळीनं पडलेल्या. घरात न्हाणीच्या फरशा कमरेपर्यंत लावलेल्या, वर विटा. दुकानाची पाटी त्यानं स्वतः रंगवायला घेतली ती 'गोरख मोटर रिवा' इथवर येऊन थांबली, तिला आता सहा वर्षं झाली. बायको संजीवनी शहाणी बाई. भांडली नाही, आदळआपट केली नाही. शर्यतीचा फॉर्म भरल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हा भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "अकरा वर्षं झाली लग्नाला. एक गोष्ट शेवटापतुर नेलेली दावा मला. एकच."

हे त्याच्या काळजाला लागलं. नंबर नको, बक्षीस नको, पण दहा वाजायच्या आत शेवटची रेघ ओलांडायची आणि पुरी केल्याचं पदक तिच्या हातात ठेवायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. सकाळी सातला सुरुवात. पानशेतच्या पाण्यात पाऊण किलोमीटर पोहायचं, मग धरणाच्या कडेकडेच्या रस्त्यानं दहा किलोमीटर सायकलनं जायचं, तिथून वळून तेवढंच परत यायचं, आणि शेवटी पाच किलोमीटर पळायचं. दहा वाजता घड्याळ बंद. त्यानंतर आला तो आलाच नाही असं धरायचं.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं, फक्त ते गोरखला दिसलं नाही. सायकलची वळायची जागा नेमकी माळवाडीत आली, आणि माळवाडी म्हणजे त्याची सासुरवाडी!

त्यात महिना अधिक. तीन वर्षांनी येणारा हा महिना म्हणजे जावयाचा. जावयाला बोलवायचं, लेकीसह पाटावर बसवायचं, ओवाळायचं, कपडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. सासरे आनंदराव महिनाभर फोन करत होते. गोरखनं पहिल्या रविवारी पोहायचा सराव सांगितला, दुसऱ्या रविवारी सायकलचा, तिसऱ्याला पाय आखडलाय म्हणून सांगितलं. शेवटी संजीवनी कंटाळून एकटीच माहेरी निघून गेली. अधिक संपायला दोन दिवस उरले आणि जावयाचा पत्ता नाही! आनंदरावांना गावात तोंड दाखवायची चोरी झाली.

अशात शर्यत भरवणाऱ्यांनी मोबाईलवर विचारलं, की वळणावर पाणी ठेवायला तिथलं कुणी ओळखीचं आहे का. गोरखची छाती फुगली. ते माझ्यावर सोडा म्हणाला. आणि लगेच सासऱ्यांना फोन लावला: मामा, रविवारी सकाळी म्या येतोय, सायकलवर. संगं साठेक माणसं असतील. पाण्याची तेवढी सोय करा, आमी लगेच निघणार.

फोन ठेवला तो निर्धास्त मनानं. तिकडं आनंदराव मात्र खाटेवरून उठून उभेच राहिले. जावई येणार, अधिकात येणार, आणि साठ माणसं घेऊन येणार! राहिला प्रश्न पाण्याचा. तर पाहुणा "पाणी ठेवा" म्हणतो तेव्हा त्याला नुसतं पाणी देणारा माणूस माळवाडीत अजून जन्मायचा होता. आनंदरावांनी भावकी गोळा केली, चुली मांडल्या, वीस किलो हरभऱ्याची डाळ आणली. आणि शर्यतवाल्यांनी भाग घेणाऱ्या सगळ्यांना कळवून टाकलं, की वळणावरची व्यवस्था श्री. गोरख यांच्या सासुरवाडीतर्फे होणार आहे, तरी ग्रामस्थांना पूर्ण सहकार्य करावे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मानसिंग आला. मानसिंग म्हणजे गोरखचा दोस्त. स्वतः कधी कशात उतरायचा नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला एक नंबर. त्यानं गोरखकडं निरखून बघितलं आणि निकाल दिला, की एवढी झुपकेदार मिशी पाण्यात ओढ देणार, अर्धं मिनिट तरी जाणार. गोरखनं मागचापुढचा विचार न करता पंधरा वर्षांची मिशी उतरवली. मग आरशात बघून जरा दचकला, कारण आत कुणीतरी भलताच माणूस उभा होता.

रविवारी पाण्यात उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. शिट्टी झाली आणि चौसष्ट माणसं एकदम पाण्यात पडली. गोरखला आजवर पाण्यात खाली जायची सवय, पुढं जायची नव्हती. जरा गडबड झाली की अंगवळणी पडल्याप्रमाणं तो बुडी मारायचा, तळाशी काही हाताला लागतंय का चाचपायचा, आणि वर येऊन बघायचा तर लोक पुढं गेलेले! दोनदा तर तो वर आला तो उलट्या दिशेला तोंड करून. चिखल तुडवत काठावर चढला तेव्हा रांगेत लावलेल्या सायकलींपैकी तीनच उरल्या होत्या, आणि त्यातली एक त्याची.

हरकत नाही, म्हणाला. हेल्मेट चढवलं, ओल्या पायात बूट कोंबले आणि निघाला. आता ह्यात गणित सरळ होतं. जायचा रस्ता तोच, यायचा रस्ता तोच. म्हणजे पुढं गेलेले लोक वळून समोरून येताना दिसणार. ते जिथं दिसतील त्यावरून आपण किती मागं आहोत हे कळणार.

चार किलोमीटर झाले. समोरून कुणी नाही.

सहा झाले. एक म्हातारी शेरडं घेऊन गेली, एक एसटी गेली. सायकलवाला एकही नाही! आता मात्र गोरखचं डोकं गरगरायला लागलं. आपण रस्ता चुकलो म्हणावं, तर ह्या रस्त्यानं तो अकरा वर्षं सासुरवाडीला येत होता. ते चुकले म्हणावं, तर एका वेळी साठ माणसं कशी चुकतील? आणि चुकायला इथं दुसरा रस्ता होताच कुठं? एका हाताला डोंगर, एका हाताला पाणी. शर्यत रद्द झाली आणि आपल्याला सांगायचं राहिलं असेल का? असाही विचार आला. रद्द झालेली शर्यत पुरी केली तर पुरी धरतात का, हे फॉर्मवर कुठं लिहिलेलं नव्हतं.

सातव्या किलोमीटरला दुधाचा टेम्पो आला. गोरखनं पॅडल न थांबवता ओरडून विचारलं, की पुढं सायकलवाले दिसले का. टेम्पोवाल्यानं सांगितलं, की माळवाडीत कुणाचं तरी कार्य आहे, लई मोठी पंगत बसली आहे, आणि जेवल्याबिगर कुणाला पुढं सोडत नाहीत. त्यालाही दोन धोंडे खायला घातले होते.

गोरखला ह्यातलं काहीही समजलं नाही. माळवाडीत कार्य? आपल्या सासुरवाडीत कार्य, आणि आपल्याला साधं बोलावणंसुद्धा नाही? त्याला सासऱ्यांचा थोडा रागच आला.

वळणावर पोचला आणि बघतो तर आनंदरावांच्या दारात मांडव! गोठ्याच्या कुंपणाला साठ सायकली टेकवलेल्या, एकेक सायकल म्हशीहून महाग, आणि म्हैस त्यातल्या एकीचं सीट मन लावून चाटत होती. मांडवात दोन्ही अंगांनी सतरंज्या, त्यावर घट्ट चड्ड्या घातलेली माणसं मांडी घालून बसलेली, कपाळाला गंध, डोक्याला हेल्मेट, समोर पत्रावळ. वळणावर शिट्टी घेऊन उभा राहायचा तो स्वयंसेवक तर पंगतीच्या पहिल्या पानावर होता आणि तूप वाढून घेत होता.

झालं होतं असं. सगळ्यात पुढं होती शिवानी, पुण्याची पोरगी, वाऱ्यासारखी सायकल चालवणारी. ती वळणावर आली तर रस्त्यात आनंदराव हात जोडून उभे. ग्रामस्थांना सहकार्य करावे हे तिनं वाचलेलं होतं. ती थांबली. बायकांनी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, आणि लेक आली म्हणून खणानारळानं ओटी भरायला घेतली. तिला ना पदर ना ओढणी! शेवटी तिच्या हेल्मेटमध्ये ओटी भरली. पोरगी नियमाची पक्की. हा शर्यतीचाच भाग असणार असं समजून ती हेल्मेटमधले तांदूळ न सांडता पानावर जाऊन बसली. मागून आलेल्यांनी पहिली बसलेली बघितली आणि तेही बसले. पाचव्यापासून पुढच्यांनी तर विचारलंसुद्धा नाही.

आणि मधोमध, रांगोळी काढलेल्या पाटावर, टोपी-उपरणं घालून, हातात तेहतीस अनारशांचं ताट घेऊन, एक झुपकेदार मिशीवाला गृहस्थ बसला होता.

हा सम्राट, हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत होता. बरोबरचे सगळे तुळतुळीत, मिशी ह्या एकट्याला! आनंदरावांचं दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा चष्मा अजून यायचा होता. त्यांनी हेल्मेट बघितलं, मिशी बघितली आणि त्याला दंडाला धरून पाटावर नेलं. संजीवनी आत वाढपात अडकलेली, म्हणून तिच्यासाठी न थांबता सासूबाई सगुणाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढून खालमानेनं ओवाळलं. सम्राटनं दोनदा सांगायचा प्रयत्न केला म्हणे, पण प्रत्येक वेळी कुणीतरी त्याच्या तोंडात घास घातला.

गोरख सायकलवर एक पाय टेकून हे सगळं बघत राहिला. आपल्या पाटावर दुसराच माणूस, आपली टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर! तेवढ्यात आनंदराव लगबगीनं त्याच्याकडं आले, आणि गोरखला हायसं वाटलं. पण सासऱ्यांनी त्याच्या गुळगुळीत तोंडाकडं बघून परक्याला म्हणावं तसं म्हटलं, "या पावनं, तुमी बी बसा. जावयाचं दोस्तच न्हवं का तुमी?"

गोरखनं ओठावरून हात फिरवला. तो नुसता "व्हय" म्हणाला.

आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळे बसलेत. साठच्या साठ! वळायची खूण म्हणून ठेवलेला प्लॅस्टिकचा तांबडा सुळका चार हातांवर उभा होता. त्याला वळसा घातला की झालं, परतीच्या रस्त्यावर आपण एकटे. पुरी करायची तर सोडाच, पहिला नंबर! आणि ओळखलंय तरी कुणी? जावई पाटावर बसलेलाच आहे. सासऱ्यांचं मन मोडत नाही, रीत मोडत नाही. कुणाचं काही बिघडत नाही!

त्यानं हळूच सायकल वळवली. सुळक्याला वळसा घातला. पॅडलवर पाय ठेवला.

"अहो."

भरली परात कडेवर घेऊन संजीवनी दारात उभी होती. नवऱ्याची पाठ ओळखायला मिशी लागत नाही.

गोरख खाली उतरला. आनंदराव एकदा पाटावरच्या मिशीकडं आणि एकदा सायकलवाल्याकडं बघायला लागले. सगुणाबाईंनी पदराआडून बघितलं आणि मटकन खाली बसल्या. सम्राटनं टोपी काढायला हात वर केला, पण आता काढावी की राहू द्यावी हे त्यालाही कळेना.

"संजे," गोरख अगदी हळू आवाजात म्हणाला, "एवढ्या डाव मला पुरं करू दे. तूच म्हणली व्हतीस."

संजीवनीच्या तोंडावर राग होता आणि तिला वाईटही वाटत होतं. तिनं परात खाली ठेवली. "करा की. म्या कुठं नगं म्हणती? पर आई पहाटं तीनपासनं चुलीम्होरं हाय. महिनाभर वाट बघितलीय तिनं. अन् तुमी दारावरनं तोंड चुकवून चालला."

गोरखला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायकल त्यानं कुंपणाला लावली. सम्राटनं स्वतःहून पाट रिकामा केला. टोपी इकडून तिकडं गेली, अनारसे मात्र एकतीसच उरले होते. सगुणाबाईंनी पुन्हा आरती पेटवली. संजीवनी शेजारी बसली. समोर ताट आलं, त्यात लिंबाएवढे नव्हे, चांगले पेरूएवढे तीन धोंडे आणि वर तुपाची धार. गोरखनं पहिला धोंडा भराभर संपवला. दुसरा मोडला. मनातल्या मनात तो मिनिटं मोजत होता.

एवढ्यात स्वयंसेवकाच्या खिशातला मोबाईल वाजला. धरणावरून विचारत होते, की नऊ वाजायला आले, एकही माणूस परत आला नाही, कुणी पाण्यात वगैरे गेलं का?

त्यासरशी स्वयंसेवकाला आपण कोण आणि इथं कशाला आलो हे आठवलं. त्यानं तोंडातला घास गिळला आणि जोरात शिट्टी मारली. मग काय विचारता! साठ माणसं एकदम उठली. हेल्मेटांची अदलाबदल झाली, शिवानीच्या डोक्यावरून तांदूळ ओघळले, कुणी हात धुतले, कुणी चड्डीला पुसले. सायकली कुंपणावरून ओढून काढताना म्हैस दावं तोडून परसात गेली. आनंदराव "ताक तरी घ्या, ताक तरी" करत प्रत्येकाच्या मागं धावत होते.

गोरखही उठला. मोडलेला दुसरा धोंडा आणि अख्खा तिसरा ताटात तसाच राहिला. संजीवनीकडं बघायचा धीर त्याला झाला नाही. टोपी-उपरण्यासकट त्यानं सायकलवर उडी मारली.

परतीच्या रस्त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. वीस किलो डाळीचं पुरण पोटात घेऊन चौसष्ट माणसं धरणाच्या कडेनं ढेकर देत चालली होती. पळायच्या वेळी तर शर्यत अशी राहिलीच नाही. पळता येत होतं ते पळत होते, बाकीचे झाडाखाली बसत होते. गोरखच्या पोटात कळ येत होती, तो थांबत होता, वाकत होता, पुन्हा निघत होता. चौथ्या किलोमीटरला त्याला वाटलं, बस झालं, इथं सोडावं. सवयीचंच होतं ते. पण संजीवनीचा तो भाकरी थापतानाचा आवाज कानात बसला होता, आणि पाय आपोआप पुढं पडत राहिले. दहाला दोन मिनिटं कमी असताना त्यानं उपरणं सावरत रेघ ओलांडली. नंबर त्रेपन्नावा. गळ्यात पदक पडलं, आणि हा चाळिशीतला गडी सगळ्यांदेखत रडला.

एकच्या सुमाराला तो माळवाडीला परत आला. अंगणात पत्रावळ्यांचा ढीग. आनंदराव खाटेवर आडवे झालेले होते, ते उठून बसले. गोरखनं पदक काढून संजीवनीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "पुरी केली."

तिनं पदक उलटंसुलटं करून बघितलं. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवलं नाही. तीनदा विचारलं, खरंच शेवटापतुर? तीनदा त्यानं खरंच म्हणून सांगितलं. आनंदरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. अकरा वर्षांत गोरखला त्या घरात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग संजीवनीनं डोळे पुसले आणि ओट्यावरचं टोपलं उचललं. खाली त्याचं ताट होतं. अधिकातलं जावयाचं ताट, त्यातलं टाकायचं कसं? म्हशीला घालायचं कसं? दुसऱ्या कुणी खायचं कसं? सकाळपासून घरात ह्यावर चर्चा होऊन शेवटी ते जसंच्या तसं झाकून ठेवलेलं होतं. मोडलेला दुसरा धोंडा, अख्खा तिसरा, आणि तूप आता थिजलेलं.

"बसा," ती म्हणाली. अगदी प्रेमानं म्हणाली.

गोरख बसला. पदक पुन्हा गळ्यात घातलं, जरा बळ येईल म्हणून. दुसरा धोंडा त्यानं कसाबसा उतरवला. तिसरा मोडला, अर्धा खाल्ला. मग हात थांबला. पोट गच्च झालेलं, कपाळाला घाम. त्यानं पाणी प्यायलं, आणखी एक घास उचलला आणि पुन्हा ताटात ठेवला.

सगुणाबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. लग्नापासून आजवर त्या जावयाशी एकही शब्द थेट बोललेल्या नव्हत्या. जे काय असेल ते लेकीकरवी. आज त्यांनी पदर जरासा मागं सारला.

"ऱ्हाऊ द्या, पावनं," त्या म्हणाल्या. "तुमच्यानं न्हाई पुरं व्हायचं."